आत्याचा फोन आणि मागच्या बाजूची शिडी

लिंबातून रक्त कसं काढायचं हे मला चौथीत असल्यापासून येतं. चाकूच्या पात्यावर जास्वंदीचं फूल चोळून वाळवायचं आणि मग लिंबू कापायचं. रस लालभडक येतो आणि समोरचा भक्त गार होतो. हे मला माझ्या आत्याने शिकवलं. ती कल्याणला पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वस्तीत कोणाच्या अंगात आलं, कोणी बाबा उगवला, की दुसऱ्याच दिवशी आमच्या बाई पिशवीत लिंबं आणि सुरी घालून वर्गात हजर. आमच्या घरात नवस, करणी, भूतखेत यांना उंबऱ्याच्या आत कधी जागाच नव्हती.

त्यामुळे या धाग्यावरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते चहाबरोबर, आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात खुलासा लिहीत वाचतो. वारा असेल... झोपेत असेल... मांजर असेल. आता माझ्यावर पाळी आलीये, आणि गेलं वर्षभर शोधूनही मला मांजर सापडत नाहीये.

आधीच सांगतो, यात कोणी मेलेलं नाही. पिंपळ नाही, अमावास्या नाही. ठाणे पूर्वेला, कोपरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात, रविवारी भर दुपारी, पंखा चालू असताना झालेली गोष्ट आहे. थरार हवा असेल त्यांनी खुशाल दुसरा धागा उघडावा, माझा राग नाही.

मी चौतीस वर्षांचा, वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात क्वालिटीला आहे. घरी आणि मित्रांत मला सगळे बंटी म्हणतात. कागदोपत्री सुजित. पण तोंडाने मला सुजित म्हणणारी जगात एकटी आत्या. "बंटी हे माणसाचं नाव आहे का?" असं तिने माझ्या बारशातच विचारलेलं म्हणे.

मला वेड एकच, रॉकेटचं. जगात कुठेही लाँच असलं की मी लाइव्ह बघतो, आणि उरलेल्या वेळात कम्प्युटरवर रॉकेट जोडायचा एक गेम खेळतो. टाक्या, इंजिनं, पॅराशूट असे सुटे भाग मिळतात. ते एकावर एक चढवायचे, वर यानात एक छोटा अंतराळवीर बसवायचा आणि उडवायचं. गुरुत्वाकर्षणाचं गणित खरंखुरं असतं, त्यामुळे पहिली वीस रॉकेटं पडतातच. माझी बायको पल्लवी म्हणते, पगार मिळत असता तर हे सगळं शोभलं असतं.

तर, हे वेड लागलं कल्याणला. नमनाला घडाभर तेल जातंय खरं, पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डिप्लोमाची वर्षं मी आत्याकडे राहिलेलो. बाबांची बदली तेव्हा जळगावला झालेली आणि कॉलेज इकडे. आत्याने लग्न केलं नव्हतं. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं लोखंडी कपाट, आणि कपाटाशेजारी स्टुलावर हिरवा लँडलाइन फोन. त्याच वर्षी ती रिटायर झालेली आणि दिवसभर काय करायचं हे तिला कळत नव्हतं. मी मात्र असेम्बल केलेल्या कम्प्युटरवर दिवसभर रॉकेटं पाडत बसलेलो असायचो.

पहिले काही दिवस ती नुसती मागून बघायची. मग एकदा तिने विचारलं, हे खोटं आहे की यात न्यूटन आहे? न्यूटन आहे म्हटल्यावर स्वयंपाकघरातली खुर्ची आली आणि माझ्या शेजारी कायमची राहिली. दुसऱ्या दिवशी आलं शाळेचं जुनं, कोरं राहिलेलं हजेरीपुस्तक. गेममधल्या अंतराळवीरांना आपल्याला हवी ती नावं देता येतात. आत्याने त्यांना आपल्या विद्यार्थ्यांची नावं दिली आणि हजेरीपुस्तकात चढवली. उड्डाणाआधी ती चष्मा सारखा करून हजेरी घ्यायची. मी माउस धरून त्यांच्या वतीने "हजर बाई" म्हणायचो. वीस वर्षांचा घोडा मी... पण म्हणायचो. यान सुखरूप उतरलं की त्या नावापुढे "ह". नाही उतरलं तर लाल पेनाने "गै", शेरा, आणि त्या संध्याकाळी गेम बंद.

सगळ्यात जास्त उड्डाणं होती मंजुळाची. ही खरी मंजुळा आत्याच्या वर्गात होती, हुशार होती, आणि सहावीत असताना तिचं घर वीटभट्टीवर कामाला गेलं ते गेलंच. आत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोन-तीन भट्ट्यांवर शोधायला गेलेली. सापडली नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही पोहे परतताना, माझ्याकडे न बघता. त्यानंतर मी मंजुळाचं यान नेहमी जरा जास्त इंधन घालून बांधायला लागलो.

खरे लाँचही आम्ही एकत्र बघायचो. इंटरनेट केबलवाल्याचं, चित्र अडकत अडकत यायचं. लाँचच्या वेळा बहुतेक ठिकाणी जागतिक वेळेत देतात, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ती बेरीज आत्या करायची आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या वर लिहून ठेवायची. त्या वेळी भाजी गॅसवर नसायची, शेजारचं कोणी बसायला आलेलं नसायचं. आणि काउंटडाऊन सुरू झाला की ती उठून फोनचा रिसीव्हर काढून बाजूला, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायची. फोनवर बोलणाऱ्याचं लक्ष निम्मं असतं आणि काउंटडाऊनला निम्मं लक्ष चालत नाही, हा तिचा नियम. एकदा बाबा जळगावहून अर्धा तास फोन लावत राहिले आणि घाबरून शेवटी त्यांनी शेजाऱ्यांना आमच्या दारात पाठवलं. आत्याने मग त्यांना फोन करून शांतपणे सांगितलं, "अरे, तेवढ्या वेळात कोणी मरत नाही."

मोबाइललाही तोच नियम. तिने मला बजावलेलं, काउंटडाऊन चालू असताना कोणाचाही फोन आला तरी सांगायचं, नंतर करतो. "अगदी माझा आला तरी," असंही वर म्हणालेली.

आज वाटतं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ तो होता. तेव्हा कळलं नाही. तेव्हा वाटायचं, एकदाची नोकरी लागली की स्वतःचा चांगला कम्प्युटर घ्यायचा आणि खरं आयुष्य सुरू करायचं.

नोकरी लागली. ठाण्याला आलो, लग्न झालं, कोपरीत घर घेतलं. कल्याण काय लांब आहे? मनात आणलं तर तासाभराचा रस्ता. पण मनात आणायचं राहून जातं. आधी दर रविवारी जायचो, मग महिन्यातून एकदा, मग सणावारी. लाँच मात्र आम्ही दोघं आपापल्या घरी बघायचो आणि संपलं की लगेच फोन करायचो. चंद्रावर माणूस उतरवून परत आणायचा राहिलाय, ते ती दर वेळी आठवण करून द्यायची. आमच्या गेममध्ये तेवढं एक कधी जमलं नव्हतं. बांधायलाच घेतलं नव्हतं खरं तर. करू की, पुढच्या सुट्टीत बसू, असं मी म्हणायचो.

पहिली खूण त्या बेरजेत दिसली. एका लाँचला तिचा फोन पाच-साडेपाच तास उशिरा आला, आता सुरू होईल बघ म्हणून. तिने साडेपाच तास दोनदा मिळवलेले. मी हसलो, तीही हसली. पुढच्या वेळी परत तेच. मग दुकानातून येताना रस्ता चुकली, मग गॅस... मग डॉक्टर. आजाराचं नाव सगळ्यांना माहितीये, मी लिहीत नाही. आम्ही तिला कोपरीला आणलं. पंधरा दिवस ती रोज पिशवी भरून दारात उभी राहायची, माझी शाळा बुडतेय म्हणायची. शेवटी तिला तिच्याच घरी ठेवायचं ठरलं आणि सांभाळायला सुनंदाताई मिळाल्या. त्या खडवलीहून रोज येतात, रात्री शेजारचं कोणी सोबतीला झोपतं. घरची शेतीही सांभाळतात, आणि आत्याशी अजिबात लाडीगोडी न लावता सरळ बोलतात, त्यामुळे दोघींचं जमलं.

मी परत दर रविवारी जायला लागलो, पण उशीर झालेला. आत्या मला "तुम्ही" म्हणायला लागली होती. आधी अधूनमधून, मग कायमचं. "बसा. पाणी घेता?" मी आपला विसरलेल्या गोष्टींची यादी घेऊन बसायचो. हजेरीपुस्तक दाखवायचो, जुने फोटो दाखवायचो. ती पाहुण्याचं मन राखावं तसं सगळं बघायची आणि म्हणायची, छान आहे. घरी येताना मी शीळ रोडवर हेल्मेटच्या आत रडलेलो आहे, लाज वाटायचं कारण नाही. मला बाकी काही नको होतं. तिने मला एकदा, फक्त एकदा सुजित म्हणावं, एवढंच हवं होतं. दीड वर्ष मी त्यासाठी जात होतो.

आता तो रविवार.

त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून दुपारचं लाँच होतं, त्यामुळे मी कल्याणला सकाळीच जाऊन आलेलो. आत्याने विचारलं, मीटर बघायला आलात का? मी हो म्हणालो, मीटर बघितलं आणि परत आलो. जेवण झालं. पल्लवी लेकीला घेऊन तिच्या बहिणीकडे डोंबिवलीला गेलेली. मी दोन स्क्रीन लावून बसलो, एकावर लाँच आणि एकावर गेम. काउंटडाऊन मध्येच थांबवलेला होता. तांत्रिक तपासणी असली की असं थांबवतात, होल्ड म्हणतात त्याला. वेळ घालवायचा म्हणून मी नवीन यान बांधायला घेतलं.

सकाळच्या त्या मीटरमुळेच असेल, पण आत्याबरोबर राहून गेलेलं, चंद्रावर उतरणारंच बांधायला घेतलं. यानात एकच सीट. आत बसवलेल्या अंतराळवीराचं नाव सवयीने मंजुळा टाकलं. चार पाय लावले. मंजुळाला यानाच्या दारातून खाली उतरता यावं आणि परत वर चढता यावं म्हणून टाकीला एक शिडी लावली. गेममध्ये शिडी मी पहिल्यांदाच वापरत होतो. मग पलीकडच्या बाजूने बघताना मला वाटलं, खिडकी इकडे छान दिसेल, म्हणून टाकीवरचं यान, दार-खिडकीसकट, अर्धा फेरा फिरवलं आणि बाकीच्या भागांकडे वळलो.

तेवढ्यात दुसऱ्या स्क्रीनवर होल्ड उठला आणि काउंटडाऊन परत सुरू झाला. मी खुर्ची तिकडे वळवली. फोन वाजला. नंबर न बघताच मी उचलला, डोळे स्क्रीनवर.

"सुजित, शिडी दाराखाली नाहीये. मागच्या बाजूला गेलीये. मंजुळा परत वर कशी चढणार?"

"आत्या, काउंटडाऊन सुरू आहे."

"बरं बरं. संपला की कर."

आणि मी फोन ठेवला.

हो. मीच ठेवला. तुम्ही म्हणाल, कसं शक्य आहे? मीही स्वतःला हेच विचारत असतो. पण त्या क्षणी त्यात काही विचित्र वाटलंच नाही. आवाज तिचा नेहमीचा, बाईंचा, ठणठणीत. काउंटडाऊनला फोन आला तर काय बोलायचं हे तिनेच मला शिकवलेलं, ते तोंडातून आपोआप गेलं. ती आजारी आहे हे मधल्या त्या काही सेकंदांत माझ्या डोक्यातच नव्हतं.

रॉकेट गेलं, व्यवस्थित गेलं. उपग्रह सुटा झाला, तिकडे टाळ्या झाल्या. मी खुशीत गेमकडे वळलो आणि आत्या काय म्हणत होती बघू म्हणून माउसने चित्र फिरवून पलीकडची बाजू बघितली. शिडी त्या बाजूला होती, दार नव्हतं. दार पुढे, मघाशी माझ्यासमोर होती त्या बाजूला. शिडी पार मागे. मी वरचं यान फिरवलं तेव्हा दार फिरलं, पण शिडी टाकीवर होती ती तिथेच राहिली.

"अरे हो, खरंच," असं मी मोठ्याने म्हणालो. आणि मग कळलं, आपण कोणाला म्हणतोय. तोपर्यंत पंखा आवाज करतो हे मला माहीत नव्हतं.

लक्षात घ्या, मला स्वतःलाही ती शिडी चुकल्याचं माहीत नव्हतं. स्क्रीनवर ती बाजू दिसतच नव्हती. तिने माझं मन वाचलं म्हणावं, तर माझ्या मनातच ते नव्हतं.

कॉल लॉगमध्ये नंबर तिच्या लँडलाइनचाच होता. मी परत लावला तर एंगेज. परत, परत, परत एंगेज. मग सुनंदाताईंच्या मोबाइलवर लावला. त्या बाहेर गॅलरीत येऊन हळू आवाजात बोलल्या.

"दादा, त्यांनी सोताच लावला फोन. मी भांडी घासत होते. नंबर सगळा तोंडपाठ. आता रिसीव्हर काढून टॉवेलवर ठेवलाय नि मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, भाच्याचा काउंटडाऊन चाललाय."

मी चावी घेतली आणि निघालो. ऐरोली, महापे, शीळफाटा... काटई नाक्याला नेहमीप्रमाणे अडकलो आणि तिथे सिग्नलला उभा असताना मला एकच गोष्ट सारखी टोचत होती. दीड वर्ष ज्या एका शब्दासाठी मी जात होतो तो तिने उच्चारला, आणि मी काय म्हणालो, तर नंतर. असे क्षण दोनदा येत नाहीत. आला तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होतो.

पोचलो तेव्हा आत्या स्टुलाशेजारी खुर्चीत ताठ बसलेली. केस विंचरलेले, चष्मा डोळ्यांवर. सुनंदाताईंनी काउंटडाऊन संपला असं सांगून रिसीव्हर जागेवर ठेवून घेतला होता. मी समोर उभा राहिलो. ती माझ्याकडे बघून हसली, सगळ्यांकडे बघून हसते तशी.

"बसा. पण फोनला हात लावू नका हं. भाच्याचा फोन यायचाय."

"आत्या, मीच आहे. सुजित."

तिने मला नीट न्याहाळलं. खोटं नाही सांगत, मनापासून प्रयत्न केला तिने. मग जरा ओशाळून म्हणाली, "नाही हो, तो ठाण्याला असतो. पाणी घेता?"

मी पाणी घेतलं. काय करायचं ते कळेना. दुपारपासून ती तिथेच बसून होती, चहालाही उठली नव्हती. करतो म्हणालाय म्हणजे करणार, असं सुनंदाताईंना दोनदा सांगून झालेलं. मला वाटत होतं, मी तिच्यासमोर बसलोय म्हणूनच तो फोन कधी येणार नाही, आणि ती अशीच वाट बघत राहील. एवढा शिकलेला मी, पण पुढचं सुचलं ते सुनंदाताईंना. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं.

"तुम्ही जिन्यात जा नि फोन लावा की."

मी चपला न घालताच बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि चार पायऱ्या उतरून नंबर लावला. दाराआड घंटी वाजलेली मला इकडे ऐकू आली. एकच वाजली.

"सुजित?"

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"सुजित, झाला का काउंटडाऊन?"

"झाला आत्या. मस्त गेलं रॉकेट."

"आणि शिडी?"

"फिरवली. दाराखाली आणली."

फिरवली नव्हती. यान तसंच टाकून आलेलो. पण त्या वेळी मी दुसरं काही म्हणूच शकलो नसतो.

"मग उतरव तिला," ती म्हणाली. "घाई करू नकोस. तू हल्ली फार घाई करतोस. जेवलास का?"

जेवलो म्हणालो. पल्लवी कशी आहे, पोरगी शाळेत जाते का, तिचं अक्षर कसं आहे, सगळं विचारलं तिने. नावानिशी. मी जिन्याच्या कठड्याला टेकून दहा-बारा मिनिटं बोललो. वरच्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन उतरले, मला अनवाणी रडताना बघून थबकले आणि बाजूने उतरून गेले. फोन ठेवून मी आत गेलो तेव्हा आत्या चहा मागत होती. मला म्हणाली, "आला बरं का फोन." तिचा चेहरा इतका निवांत झालेला की त्या दुपारी मी आणखी काही मागितलं नाही.

घरी येऊन पहिलं काम केलं ते शिडी फिरवायचं. चंद्रावर उतरायला पुढे तीन रविवार लागले. मंजुळा खाली उतरली, चार पावलं चालली, शिडीने वर चढली आणि परत आली. हजेरीपुस्तकात "ह" मी माझ्या हाताने लिहिला.

आता तुमचे खुलासे. मीही ते सगळे करून बघितलेत. या आजारात जुन्या गोष्टी मध्येच लख्ख वर येतात, पाठ असलेला नंबर बोटं लावतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मान्य. माझा नंबर कॉलेजपासून तोच आहे. मंजुळाचं नावही जुनंच. लाँचची वेळ टीव्हीवर दिसली असेल म्हणावं, तर तिच्याकडचा टीव्ही कधीपासून बंद आहे, पण तेही योगायोग म्हणून सोडून देतो. शिडीचं काय? आमच्या काळात कधी शिडी चुकली असेल आणि तेच तिला आठवलं असेल, म्हणून मी हजेरीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. इंधन कमी. पॅराशूट उशिरा. टाकी उलटी. लाल शेऱ्यांत शिडी कुठेही नाही, कारण आम्ही दोघांनी मिळून कधी शिडी लावलेलीच नाही. घरात कॅमेरा नाही, गेम कुठे लाइव्ह दिसत नव्हता, मी कोणाशी बोललो नव्हतो. क्वालिटीचा माणूस आहे, दोष कुठून आला हे शोधणं माझं रोजचं काम. इथे मला मूळच सापडत नाही. आत्या तिच्या चांगल्या दिवसांत असती तर तिने नक्की काहीतरी जास्वंदीचं फूल शोधून काढलं असतं. तिला विचारायची सोय नाही. एकदा फोनवर विचारलं तर म्हणाली, कुठली शिडी?

पण फोनवर ती मला अजून ओळखते. समोर कधीच नाही. डॉक्टर म्हणतात, चेहरा जातो, आवाज काही जणांचा राहतो, होतं असं. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही करूनही बघितलं नव्हतं. समोर बसून तोच आवाज ती का ओळखत नाही, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. म्हणून मी दर रविवारी सकाळी कोळसेवाडीला जातो, तासभर आत पाहुणा म्हणून बसतो, आठवड्याची औषधं डबीत लावतो, नखं कापून देतो, आणि निघालो की जिन्यातून फोन लावतो.

गेल्या रविवारी बोलता बोलता ती मला म्हणाली, "अरे, दर आठवड्याला एक गृहस्थ येतात आमच्याकडे. फार बोलत नाहीत. आज माझी नखं कापली त्यांनी, किती हळू कापली. त्यांचं कोणीतरी हरवलेलं असणार, सुजित. तू येशील तेव्हा जरा बोल त्यांच्याशी."

"बोलतो आत्या," मी म्हणालो.

मग तिने फोन ठेवला, आणि मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळाने सुनंदाताईंनी चहा जिन्यातच आणून दिला.